कार्ड एकीचं, हात तिघींचे

पत्र : मी सोलापूरची, वय २९. इतिहासात एम.ए. (५८ टक्के), सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा) झाली आहे. तीन वर्षं एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. आई आणि आजी दोघींनी आयुष्यभर विड्या वळल्या. मलाही वळता येतात. पीएच.डी. याच बायकांच्या इतिहासावर करायची आहे. ज्या सरांकडे जागा आहे ते म्हणतात, ‘विषय चांगला आहे, पण साधनं कुठं आहेत? आणि हा समाजशास्त्राचा विषय झाला. त्यापेक्षा सोलापूरच्या विकासात स्त्रियांचे योगदान घ्या, लवकर उरकेल.’ मैत्रीण म्हणते, स्त्री-अभ्यास केंद्रात प्रवेश घे. सासरचे विचारतात, एवढं करून नोकरी लागणार आहे का? मी काय करू?

उत्तर :

सरांच्या बोलण्यात एक प्रश्न आहे आणि एक सल्ला. प्रश्न घ्या, सल्ला सोडा. ‘साधनं कुठं आहेत’ हे कोणत्याही मार्गदर्शकानं विचारायलाच हवं. ‘योगदान’ या शब्दानं सुरू होणारा विषय मात्र घेऊ नका. त्यात शोधायचं काहीच नसतं. उत्तर शीर्षकातच दिलेलं असतं : योगदान होतं, मोठं होतं. मग प्रकरणं म्हणजे चरित्रांची माळ होते. पहिल्या प्रकरणात जिल्ह्याचा भूगोल, दुसऱ्यात वेदकाळापासून स्त्रीचं स्थान, आणि विडी वळणारी बाई आलीच तर पाचव्या प्रकरणात, दोन परिच्छेदांपुरती. असा प्रबंध लवकर उरकत असेल, पण पुढं त्यातून एकही चांगला लेख निघत नाही. मुलाखतीत ‘तुमचं नवं म्हणणं काय?’ असं विचारलं की उमेदवार गप्प होतो.

आता साधनं. बाईच्या कामाची साधनं नसतात असं नाही. ती बाईच्या नावावर नसतात, एवढंच. हिशेब ज्या एककात ठेवला जातो त्या एककात बाई विरघळून जाते. ऊसतोडीत मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती ‘कोयत्या’ला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि सही किंवा अंगठा नवऱ्याचा. अशा वहीत ‘स्त्री-कामगार’ शोधाल तर शून्य सापडतील. कोयता म्हणजे काय हे कळलं, की त्याच वहीतल्या निम्म्या कामगार बायका असतात. तुमच्या विषयात हे एकक म्हणजे हजार विड्या आणि विडी कामगार म्हणून नोंदीचं एक कार्ड. मजुरी हजारावर, कार्ड एकीच्या नावावर, आणि हजाराचा आकडा पुरा करणारे हात तिचे, मुलीचे, कधी सासूचेही. म्हणून प्रबंधाचा प्रश्न ‘विडी कामगार स्त्रियांची स्थिती’ असा ठेवू नका. तो एका ओळीत असा लिहा : विडी घरी वळली जाऊ लागली तेव्हा काम कुणाचं, मोजलं कुणी आणि नोंदलं कुणाच्या नावावर? हा प्रश्न इतिहासाचाच आहे, कारण त्याचं उत्तर दर काही वर्षांनी बदलत गेलं. त्या बदलाच्या तारखाही आहेत.

त्या तारखाच तुमचा कालखंड ठरवतील. आमच्या मते १९४६ ते १९७६ घ्यावा. सरकारनं १९४४ मध्ये नेमलेल्या कामगार चौकशी समितीचं, म्हणजे रेगे समितीचं, काम १९४६ मध्ये छापून आलं. त्यात विडी, सिगार आणि सिगारेट उद्योगांवर वेगळा अहवाल आहे. तो तुमचा पहिला दगड. १९४८ चा किमान वेतन कायदा आला आणि त्याच्या अनुसूचीत विडीसह तंबाखूचं उत्पादन घातलं गेलं. या कायद्याखाली दर ठरवायचे तर सरकारला समिती नेमावी लागे, नाहीतर प्रस्तावित दर राजपत्रात छापून हरकतींसाठी किमान दोन महिने द्यावे लागत. म्हणजे राजपत्रात दर सापडतात, आणि फायली टिकल्या असतील तर मालक व संघटनांच्या हरकतीही. इतिहासकाराला दरापेक्षा हरकत जास्त बोलकी वाटायला हवी. मालक हरकतीत लिहितो तेव्हा काम कसं चालतं हे त्याला सांगावंच लागतं.

त्याच वर्षी कारखाने कायदाही आला. विजेवर न चालणाऱ्या जागेत २० कामगार झाले की ती जागा त्या कायद्यानुसार कारखाना ठरे. विडीला वीज लागत नाही. तेव्हा जागा लहान करा, माणसं २० च्या आत ठेवा किंवा पानतंबाखू घरी पाठवा, की कायदा बाहेरच राही. घरी वळलेली विडी ही ‘बायकांची सोय’ होती असं पुष्कळदा म्हटलं जातं. सोय कुणाची, हे या आकड्यावरून तपासता येतं. पुढं वाद न्यायालयात गेले. ‘शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा १९६२ च्या निवाड्यांत छापलेला आहे. विडी वळणारा माणूस हवं तेव्हा येतो-जातो, मालकाचं त्याच्या वेळेवर नियंत्रण नाही, म्हणून कारखाने कायद्याच्या अर्थानं तो ‘कामगार’ नाही, असा त्याचा निष्कर्ष. निवाडा पुरुषाचा आहे म्हणून बाजूला ठेवू नका. वेळेवर नियंत्रण नाही म्हणून कामगार नाही, हाच तर्क घरात बसून वळणाऱ्या बाईला किती जास्त लागू पडतो ते पाहा. आणि मग १९६६ चा विडी आणि सिगार कामगार कायदा वाचा. कच्चा माल घेऊन घरी वळणाऱ्यांना त्यानं स्पष्ट शब्दांत कर्मचारी ठरवलं. मालकांनी त्यालाही आव्हान दिलं. १९७४ च्या मंगलोर गणेश बीडी वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला. १९७६ मध्ये विडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा झाला. तीस वर्षांत ‘कामगार’ या शब्दाची व्याख्या इतक्या वेळा हलली आणि दर वेळी तुमच्या आजीचं कायद्यातलं नाव बदललं. ‘हे समाजशास्त्र झालं’ या आक्षेपाला एवढं पुरेसं आहे.

कागद प्रत्यक्ष कुठं मिळतील? इथं निराश व्हायची तयारी ठेवा. महाराष्ट्रात सरकारी कागदांचं वर्गीकरण अ, ब, क-१, क आणि ड असं असतं. ‘अ’ कायम ठेवायचे, ‘ब’ तीस वर्षं, ‘क-१’ दहा, ‘क’ पाच, ‘ड’ एक वर्ष. नोंदवह्या, तपासणी अहवाल, तक्रारअर्ज असे कागद बहुधा खालच्या वर्गांत पडतात. साठच्या दशकातले तुम्हाला हवे असलेले बरेचसे कागद नियमानुसारच नष्ट झालेले असणार. म्हणून कामगार कार्यालयात जाऊन ‘जुनं काही आहे का’ असं विचारू नका. त्याला ‘नाही’ हे एकच उत्तर येतं. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करा आणि त्यात दोन गोष्टी मागा : सन अमुक ते तमुकच्या, आजही जतन असलेल्या अभिलेखांची यादी, आणि नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी. उत्तराची मुदत तीस दिवस. नष्ट केलेल्यांची यादी मिळाली तर तीसुद्धा साधन आहे. कोणत्या नावाच्या वह्या ठेवल्या जात होत्या हे तिच्यातून कळतं.

जे कचेरीतून गेलं ते तीन ठिकाणी उरतं. न्यायालयात : कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायालय, उच्च न्यायालय. संघटनांच्या कपाटात : वर्गणीच्या पावत्या, हस्तपत्रकं, संपाच्या काळातली उधारीची टिपणं. आणि घरात : जुनी कार्डं, लॉगबुकं, भविष्य निर्वाह निधीचे कागद. सोलापूरजवळ कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार महिलांची जी वसाहत उभी राहिली ती तुमच्या कालखंडानंतरची. पण घरासाठी बाईला ‘मी विडी कामगार आहे’ हे कागदानं सिद्ध करावं लागलं असणार, आणि असे पुरावे लोक फेकून देत नाहीत. तिथल्या ट्रंकांत साठ-सत्तरच्या दशकातलं कार्ड निघण्याची शक्यता कुठल्याही सरकारी कपाटापेक्षा जास्त. मूळ कागद घरी घेऊन जाऊ नका. जागेवर फोटो काढा आणि तिच्या देखत परत ट्रंकेत ठेवायला लावा.

मुंबईच्या पुराभिलेखागारात आठ-दहा दिवस लागतील. विभागप्रमुखांचं पत्र आणि ओळखपत्र बरोबर न्या. स्वातंत्र्यपूर्व कागदांत खात्यांची नावं आणि कामाची वाटणी बदलत गेली आहे, म्हणून ‘विडी’ हा शब्द एका खात्यात सापडला नाही म्हणजे विषय संपला असं नव्हे. आरोग्य, नगरपालिका, ब्रिटिशांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहती, दुष्काळी कामं, सगळीकडे बघा. सोलापूरच्या त्या वसाहतीतले लोक गिरण्यांत कामाला जात, आणि त्यांच्या नोंदी इतर कामगारांपेक्षा बारकाईनं ठेवल्या जात, कारण त्यांच्यावर पाळत होती. फोटो काढताना आधी फायलीचं मुखपृष्ठ टिपायचं, मग आतली पानं क्रमानं. संध्याकाळी प्रत्येक फायलीवर पाच ओळींचं टिपण लिहिल्याशिवाय झोपायचं नाही. हे न केल्यानं दीड-दोन हजार फोटो फोनमध्ये पडून राहतात, सहा महिन्यांनी कोणतं पान कोणत्या फायलीतलं हे कळत नाही आणि संदर्भ देता येत नाही म्हणून सगळी फेरी वाया जाते. फार जणांचं होतं हे.

जुन्या कागदांत नावं शोधताना एक लक्षात ठेवा. बाई अनेकदा ‘सखू कोम रामा’ अशी येते, म्हणजे रामाची बायको सखू. ‘भ्रतार’ लावूनही येते. सूची करणाऱ्यानं मग ते नाव रामाखाली टाकलेलं असू शकतं. फक्त ‘बाई’ शोधून थांबू नका. मोडी तुमच्या कालखंडाला लागणार नाही, त्यावर आत्ता वर्ष घालवू नका. पेशवाईतल्या कुणबिणींवर (दासींवर) कधी काम करावंसं वाटलं तर तेव्हा शिका. तुम्हाला लागणार आहे ती तेलुगू. सोलापुरात विडी वळणाऱ्यांत तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजातल्या बायका मोठ्या संख्येनं आहेत. घरात तेलुगू बोलत असाल तर अर्धी लढाई जिंकलेलीच आहे. नसाल, तर सहा महिने त्यासाठी ठेवा, कारण दुभाषी बसला की बाई दुभाष्याशी बोलते.

जनगणनेविषयी थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त प्रबंध इथं घसरतात. १९६१ ची जनगणना भारतात सुमारे २८ टक्के स्त्रिया काम करतात असं दाखवते. १९७१ ची त्याच्या निम्म्यावर येते. दहा वर्षांत निम्म्या बायका घरी बसल्या नाहीत, प्रश्न बदलला. १९६१ मध्ये हंगामी कामात, हंगामाचा बराचसा काळ रोज तासभराहून अधिक नियमित काम केलेलं असलं तरी माणूस कामगार धरला जाई. १९७१ मध्ये ‘तुमचा मुख्य उद्योग कोणता?’ असं विचारलं गेलं, आणि स्वयंपाक, पाणी, मुलं सांभाळून आठशे विड्या वळणाऱ्या बाईच्या घरच्यांनी ‘घरकाम’ असं सांगितलं की ती यादीतून गेली. १९८१ मध्ये मुख्य आणि सीमांतिक (वर्षातला थोडाच काळ काम करणारे) कामगार असे दोन भाग आले, १९९१ मध्ये शेतावरचं वा घरच्या उद्योगातलं बिनपगारी काम प्रश्नातच घातलं गेलं. तेव्हा या आकड्यांचा एकच सलग आलेख काढू नका. शेजारी शेजारी तक्ते मांडा आणि प्रत्येक तक्त्याखाली त्या वर्षीची व्याख्या लिहा. शिवाय १९६१ मध्ये ‘घरगुती उद्योग’ असा वेगळा वर्ग होता. ठेकेदाराचा माल घेऊन घरी वळणारी बाई त्यात बसते की कारखानदारीत, हा गणनेला आलेल्या माणसाचा निर्णय असे. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतले आकडे वाचताना या गोष्टीचा संशय कायम ठेवा.

दुसरा घसरडा दगड म्हणजे कारण. मुंबईच्या गिरण्यांचं उदाहरण तुमच्या प्रास्ताविकात येणारच : बायका रीळिंग आणि वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यांत, त्यांच्यावर नायकिणी (म्हणजे बाई मुकादम), आणि विसाच्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे एक पंचमांश बायका. मग हे प्रमाण ओसरत गेलं. याला सहज दिलं जाणारं उत्तर म्हणजे कायदा : रात्रपाळी बंद केली, प्रसूती भत्ता लावला, म्हणून मालकांनी बायका काढल्या. पण स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर आणि तासांवर निर्बंध १८९१ च्या कायद्यापासूनच होते (दिवसाला अकरा तास), आणि तरीही पुढची तीस-चाळीस वर्षं हे प्रमाण टिकून होतं. मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा १९२९ चा. त्याच सुमारास गिरण्यांत कामाची फेररचना सुरू झाली, कमी माणसांत जास्त काम, आणि कात्री आधी बायकांच्या खात्यांना लागली. कायदा हे कारण होतं, की मालकाला हाताशी आलेलं निमित्त, हे खात्याखात्यानं आकडे लावल्याशिवाय सांगता येत नाही. १९२१ पासून निघणारं मुंबई सरकारचं ‘लेबर गॅझेट’ आणि १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगापुढच्या साक्षी, विशेषतः मुंबई इलाख्याचा खंड, यांतून असे आकडे आणि मालकांची वाक्यं दोन्ही मिळतात. विडीबाबतही ‘१९६६ च्या कायद्यामुळे काम घरी गेलं’ असं कुणी म्हणालं की आधी विचारा, १९४६ च्या अहवालात घरी वळणाऱ्या नव्हत्या का?

मुलाखती. तुमच्या कालखंडाच्या शेवटच्या पंधरा वर्षांच्या साक्षीदार आज साठीच्या बऱ्याच पुढं आहेत, म्हणून हे काम पहिल्या वर्षी करा, कागद थांबतील. तीस मुलाखती पुरतात, पण त्या तिसांची निवड विचार करून करा. संघटनेच्या कार्यालयातून यादी घेतली तर सगळ्या जणी संपाचीच गोष्ट सांगतील. किमान दहा जणी कधीही मोर्चाला न गेलेल्या असाव्यात. विड्या तपासून खराब बाजूला काढणारा माणूस, पानतंबाखू वाटणारा, ठेकेदार अशा चार-पाच जणांना या तिसांखेरीज धरा. प्रत्येकी दीड तास म्हटला तर बायकांच्याच मुलाखती ४५ तासांच्या होतात. मिश्र तेलुगू-मराठीतला एक तास कागदावर उतरवायला सहा तास धरा. झाले २७० तास. रोज दोन तास दिलेत तर साडेचार महिने. हे गणित आराखड्यात लिहा, म्हणजे सरांनाही कळेल आणि तुम्हालाही.

‘तुम्ही काम करत होता का?’ असं विचारू नका. ‘नाही, मी घरीच होते’ असं उत्तर येईल, आणि ते देताना तिचे हात विडी बांधत असतील. ‘पहाटे उठल्यावर आधी काय करायचात? पानं कधी भिजवायचात? माल द्यायला कोण जायचं? पैसे कुणाच्या हातात पडायचे?’ असं दिवसाच्या क्रमानं विचारा. तिला वळणं थांबवायला सांगू नका. तासभराची मजुरी बुडते, आणि हात चालू असले की बोलणंही चालू राहतं. मात्र ध्वनिमुद्रक सुपात किंवा सुपाजवळ ठेवू नका, कात्रीचा प्रत्येक आवाज शब्दावर चढतो. तिच्या खांद्याच्या बाजूला, जमिनीपासून थोडा उंच ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ वेव्ह स्वरूपात तासाला जवळजवळ एक जीबी लागतो. मोनो ठेवलंत तर निम्मा. प्रती तीन, त्यातली एक घराबाहेर. संमती लेखी आणि तिच्या भाषेत वाचून दाखवलेली असावी, आणि वाचता न येणाऱ्या बाईची तोंडी संमती मुद्रणाच्या सुरुवातीलाच घ्यावी. कार्ड क्रमांक, निधीचा क्रमांक प्रबंधात छापू नये.

आईची मुलाखत सगळ्यात शेवटी, आणि शक्य तर दुसऱ्या कुणाकडून. तुम्हाला विड्या वळता येतात हा मोठा फायदा आहे, पण त्याचीच एक अडचण होते. जे तुम्हाला ठाऊक असतं ते तुम्ही विचारत नाही, आणि ते कुठं नोंदलंच जात नाही. विडी कशी वळतात याचं पानं कापण्यापासून बंडल बांधण्यापर्यंतचं चार पानी वर्णन आधी स्वतः लिहून काढा. विडी कधीच न पाहिलेल्या माणसाला ते वाचायला द्या. तो जिथं अडतो ते तुमचे प्रश्न.

आता विभागाचा आणि नोकरीचा मुद्दा. प्रवेश इतिहासातच घ्या. स्त्री-अभ्यास हे क्षेत्र महाराष्ट्रात भक्कम आहे. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात १९७४ मध्ये संशोधन कक्ष सुरू झाला, पुणे विद्यापीठाचं केंद्रही जुनं आहे, आणि तुमच्या विचाराची घडण तिथल्या लेखनातून व्हायलाच हवी. पण केंद्रांतल्या कायम जागा मोजक्या असतात. महाविद्यालयांतल्या जाहिराती विषयवार निघतात. तुमची पदव्युत्तर पदवी इतिहासाची, सेट इतिहासाची, मग पीएच.डी.ही इतिहासाची असली की छाननीत ‘संबंधित विषय’ यावर कुणाला बोट ठेवता येत नाही. स्त्री-अभ्यासातल्या प्राध्यापक सहमार्गदर्शक म्हणून मिळतात का ते विद्यापीठाच्या नियमांत पाहा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयीन सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी निवडायच्या उमेदवारांचा गुणतक्ता आहे. तुमचे ५८ टक्के म्हणजे एम.ए.चे २० गुण. पीएच.डी.चे २५. सेटचे ५, नेटचे (तशीच देशपातळीवरची परीक्षा) ८, नेटसह जेआरएफचे (संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती) १०. अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला २, जास्तीत जास्त १०. आणि शोधनिबंधांना प्रत्येकी २, जास्तीत जास्त ६. म्हणजे तीन निबंधांपुढं या तक्त्यात काहीही मिळत नाही. पैसे भरून पंधरा निबंध छापणारे आपल्या आसपास दिसतील, त्यांच्या मागं जाऊ नका. तीनच लिहा, पण ज्यांना परीक्षकांनी दुरुस्तीसाठी दोनदा परत पाठवलं आहे असे. हा तक्ता फक्त मुलाखतीपर्यंत नेतो, अंतिम निवड त्या नियमावलीनुसार मुलाखतीतल्या कामगिरीवर. नियम बदलत असतात, म्हणून प्रत्येक जाहिरात कोणत्या नियमावलीखाली आहे ते अर्जापूर्वी वाचा. तासिका तत्त्वावरची वर्षं पदोन्नतीसाठी सहसा धरली जात नाहीत, पण नेमणूकपत्र, विद्यापीठाची मान्यता आणि मानधनाच्या नोंदी जपून ठेवा. अनुभवाचे गुण मागताना तेच कागद लागतात.

नेट द्या, आणि जेआरएफसाठी द्या. सेट महाराष्ट्र-गोव्यापुरती चालते, नेट देशभर. जेआरएफची वयोमर्यादा ३० असली तरी स्त्रियांना पाच वर्षांची सवलत आहे, तुमच्या हातात अजून बऱ्याच परीक्षा आहेत. १ जानेवारी २०२३ पासून ही शिष्यवृत्ती पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढं ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. ती घेतली की तासिका सोडाव्या लागतील, आणि त्या सोडायलाच हव्यात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या प्रवर्गानुसार आहेत. त्यांच्या जाहिरातींना नोंदणीची तारीख आडवी येते, म्हणून पीएच.डी. नोंदणीचं पत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात चौकशी करा.

मुदत : २०२२ च्या नियमांनुसार कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणीनं आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर दोन. शिवाय प्रसूती वा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा. तुमच्या विषयाला साडेचार वर्षं धरा. सासरी विचारलं तर हा आकडा आणि वरचा गुणतक्ता दोन्ही दाखवा. नोकरीची हमी कुणीच देऊ शकत नाही. पीएच.डी.विना मात्र त्या तक्त्यात तुम्ही २५ गुणांनी मागं राहता, हे गणित कुणालाही समजतं.

भाषा मराठीच ठेवा. उचल, कोयता, हजारी हे शब्द इंग्रजीत नेले की प्रत्येकाला तळटीप लागते. तीनपैकी एक निबंध मात्र इंग्रजीत लिहा, कारण श्रमाच्या इतिहासावर वाद घालणारे देशभरचे लोक तिथं आहेत. भारतीय श्रम इतिहासकारांची संघटना आणि भारतीय स्त्री-अभ्यास संघटना, दोन्हींच्या परिषदांत एकेकदा निबंध वाचा. पहिल्या ठिकाणी तुम्हाला ‘कामगार संघटना कुठं आहे?’ विचारतील, दुसऱ्या ठिकाणी ‘घर कुठं आहे?’. दोन्ही प्रश्न ऐकून मगच तिसरं प्रकरण लिहायला घ्या.

आणि सरांना पुढच्या भेटीत विषय पटवायला जाऊ नका, एक कागद घेऊन जा. पाच रकाने : साधन, कुठं आहे, कोणत्या वर्षांचं, कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं, स्वतः पाहिलं की नाही. बारा ओळी भरा. त्यातल्या किमान चार ओळींपुढं ‘पाहिलं’ असं लिहिलेलं असलं पाहिजे. रेगे समितीचा विडीवरचा अहवाल, राजपत्रातली एक किमान वेतनाची अधिसूचना, १९६२ चा निवाडा, आणि तुमच्या आजीचं कार्ड, सापडलं तर. नसेल तर शेजारणीचं.